सातव्या वॉर्डातली दारं

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे. घाईत असाल तर सेव्ह करून ठेवा, रात्री निवांत वाचा. पण वाचा, कारण यात आपल्या गावाचा आणि माझा एक जुना हिशेब आहे.

गेल्या महिन्यात एक मुलगी घरी आली. समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतेय, शेवटचं वर्ष. लघुप्रबंधाचा विषय असा की कामासाठी बाहेरून आपल्या गावात आलेल्या कुटुंबांचं आरोग्य कसं आहे आणि त्यांना दवाखान्यात काय अनुभव येतात. कुणीतरी तिला सांगितलं की माझ्याकडे वीस वर्षांची कात्रणं आहेत. आहेतच. माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या भरून आहेत. बायको दर दिवाळीला रद्दीवाल्याला बोलवायची धमकी देते, ते सोडा.

दोघांनी बसून पेट्या उपसल्या. तासाभराने तिने एक कात्रण बाजूला काढलं. पहिल्या पानावरचं, चार कॉलमी, माझ्या नावाने. मथळा होता, ‘बाहेरच्यांच्या वस्तीमुळे शहराला गॅस्ट्रोचा विळखा’. बारा-तेरा वर्षांपूर्वीचं. मार्केट यार्डाच्या मागे नाल्याकाठी झोपड्यांची वस्ती होती, जुन्या लोकांना आठवत असेल, तिच्याबद्दलची बातमी. मला तेव्हा तिचा अभिमान होता. डेस्कवरून फोन आला होता, छान झालीय म्हणून.

मुलीने ती दोनदा वाचली आणि वही उघडली.

‘त्या वेळी तिथे नळ किती होते, सर?’

माहीत नव्हतं.

‘संडास?’

तेही नाही.

‘जागा कुणाची होती? हे लोक भाडं द्यायचे का कुणाला?’

मी नगरपालिकेच्या माणसाशी बोललो होतो, दोन डॉक्टरांशी बोललो होतो, मेन रोडवरच्या तीन संतप्त नागरिकांशी बोललो होतो. वस्तीतल्या एकाही माणसाचं एकही वाक्य बातमीत नव्हतं. पत्रकारितेच्या डिप्लोमात पहिल्या आठवड्यात शिकवतात, कोण, काय, कुठे, कधी, कसं आणि का. मी ‘का’चं उत्तर मथळ्यातच देऊन टाकलं होतं, मग विचारायचं कुणाला? मुलगी टोमणा मारत नव्हती. तिला तक्ता भरायचा होता आणि रकाने रिकामे राहत होते, इतकंच. जाताना तिने एक झेरॉक्स काढून बाइंडिंग केलेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक माझ्याकडे ठेवलं. तिच्या गाईडने तिला वाचायला लावलेलं. म्हणाली, ‘तुम्हाला आवडेल सर. हाही घरोघरी फिरला होता.’

पुस्तकाचं नाव ‘द फिलाडेल्फिया निग्रो’, साल १८९९, लेखक डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस. (‘निग्रो’ हा शब्द आज अपमानाचा मानतात. तेव्हा दु बॉइस स्वतःही तोच वापरायचा, म्हणून पुस्तकाचं नाव आहे तसं लिहिलंय.) तीन आठवडे डिक्शनरी शेजारी ठेवून वाचतोय. त्यातून आणि त्याच्या आजूबाजूचं जे वाचलं त्यातून ही पोस्ट.

आधी ते शहर. पेनसिल्व्हेनिया राज्याने १७८० पासून गुलामगिरी टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली होती, त्यामुळे फिलाडेल्फियात स्वतंत्र काळ्या लोकांची जुनी वस्ती होती. त्यांची स्वतःची चर्चं होती, शाळा होत्या, मेजवान्यांची कंत्राटं घेणारे नावाजलेले व्यावसायिक होते. यादवी युद्ध संपलं, १८६५ मध्ये अख्ख्या देशातली गुलामगिरी गेली, आणि दक्षिणेकडून, व्हर्जिनिया, मेरीलँड, डेलावेअरच्या खेड्यांतून माणसं कामाच्या शोधात या शहरात येऊ लागली. १८९० च्या जनगणनेत दहा लाखांवर वस्तीच्या त्या शहरात काळे लोक चाळीस हजारांच्या आसपास होते. कारखाने त्यांना कामावर घेत नसत. बायकांना धुणीभांडी आणि घरकाम, पुरुषांना हमाली, हॉटेलात वाढप्याचं काम, नाहीतर कुणाच्या घरी नोकरी. यातले पुष्कळसे एका लांबट, अरुंद पट्ट्यात राहायचे. नाव काय, तर सातवा वॉर्ड. वॉर्ड म्हटलं की आपल्याला निवडणूक आठवते. तिथेही तेच होतं. शहरातल्या सुधारक मंडळींची तक्रार अशी की या वॉर्डातली मतं विकली जातात आणि त्यामुळे शहराचा कारभार नासतोय.

तर १८९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने या वॉर्डाचा अभ्यास करायला एक माणूस बोलावला. पुढाकार सुझन व्हार्टन नावाच्या बाईंचा, वस्तीत काम करणाऱ्या श्रीमंत घरातल्या बाई. विद्यापीठाच्या प्रमुखांनी मान्यता दिली. आलेला माणूस काळा होता, वय अठ्ठावीस, लग्नाला तीन महिने झालेले. शिक्षण म्हणाल तर फिस्क विद्यापीठ, मग हार्वर्ड, मग दोन वर्षं बर्लिन, आणि १८९५ मध्ये हार्वर्डची पीएच.डी. ती मिळवणारा पहिला काळा माणूस. प्रबंध गुलामांच्या व्यापाराच्या बंदीवर. एवढं शिकलेल्या माणसाला पद काय दिलं? समाजशास्त्रातला ‘असिस्टंट’. वर्षाला ९०० डॉलर. बसायला खोली नाही, शिकवायला वर्ग नाही, विद्यार्थ्यांशी संबंध नाही, विद्यापीठाच्या माहितीपुस्तकात नाव नाही. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्याने लिहून ठेवलंय की शहराच्या दुर्दशेचं कारण काळे लोक आहेत हे मंडळींनी मनाशी ठरवलेलंच होतं, त्यावर फक्त शास्त्राचा शिक्का हवा होता.

हे वाचताना मी थांबलो. मथळा आधी ठरलेला आणि बातमीदार नंतर पाठवलेला. आमच्या धंद्यात हे रोज होतं.

दु बॉइस बायकोला घेऊन त्या वॉर्डातच राहायला गेला. खोली एका खानावळीच्या वर, वॉर्डाच्या सगळ्यात वाईट टोकाला. सहा प्रकारचे तक्ते तयार केले, कुटुंबाचा वेगळा, माणसाचा वेगळा, घराचा वेगळा, रस्त्याचा, संस्थांचा आणि मालकांच्या घरी राहणाऱ्या नोकरांचा. मदतनीस ठेवले नाहीत. स्वतः दार वाजवायचं, आत जायचं, बसायचं, विचारायचं. (घरकामगारांचा भाग इझाबेल इटन नावाच्या बाईंनी केला, तो पुस्तकाच्या शेवटी जोडलाय.) असं करत ९,६७५ माणसांची नोंद झाली. एका माणसाने, पायी. आमच्याकडे एक सर्व्हे करायचा तर आधी मानधनावर बैठक होते.

लोकांनी त्याचं स्वागत केलं असं समजू नका. आपल्याला प्राण्यासारखं तपासायला आलाय, असं लोकांना वाटायचं, आणि यात त्यांचं काय चुकलं हे त्याला नंतर कळलं. तो स्वतः उत्तरेतल्या छोट्या गावातला, हार्वर्डचा सूट घालणारा. या लोकांबद्दल आपल्यालाच काही माहिती नव्हती अशी कबुली त्याने दिलीय. गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) शहरातल्या जुन्या काळ्या कुटुंबांचंही दक्षिणेतून येणाऱ्यांबद्दल फारसं बरं मत नव्हतं. हे अडाणी आले आणि आमचं नाव खराब झालं, असा सूर. नोंदीत आकडा निघाला तो असा की वॉर्डातल्या काळ्या माणसांपैकी फिलाडेल्फियात जन्मलेले एक-तृतीयांशाहूनही कमी, आणि निम्म्याहून जास्त दक्षिणेत जन्मलेले. म्हणजे शहर ज्यांना ‘इथले काळे’ म्हणत होतं, ते बहुतेक बाहेरून आलेले होते. काल आलेल्यांचा हिशेब त्यांच्या दोनशे वर्षांच्या नावावर मांडला जात होता.

पुस्तकात आरोग्यावर एक अख्खं प्रकरण आहे. काळ्यांचा मृत्युदर गोऱ्यांपेक्षा जास्त होता, हे तो लपवत नाही. क्षय, न्यूमोनिया, लहान मुलांचे मृत्यू. पण तो लगेच दुसरा तक्ता समोर ठेवतो. वॉर्डातली २,४४१ कुटुंबं. त्यातल्या ३३४ कुटुंबांनाच न्हाणीघर आणि घरातला संडास वापरायला मिळत होता. शंभरात चौदासुद्धा नाहीत.  भाडं मात्र गोऱ्यांपेक्षा जास्त, कारण काळ्यांना घर देणारे मोजके, आणि कामाच्या बंगल्यांजवळ राहायचं तर दुसरीकडे जाताही येत नाही. भाडं परवडावं म्हणून खोलीत पोटभाडेकरू. पोटभाडेकरू ठेवला की हवा कमी. हवा कमी की क्षय. हे सगळं त्याने आरडाओरडा न करता, रकान्यांत मांडलंय. एका ठिकाणी मात्र त्याचा संयम सुटतो. माणसांच्या दुःखाकडे इतक्या थंडपणे पाहिलं गेल्याची उदाहरणं इतिहासात फार नसतील, अशा अर्थाचं लिहून तो पुढे जातो.

ही थंडी का होती, ते समजायला आणखी एक पुस्तक माहीत पाहिजे. तेही १८९६ चंच. फ्रेडरिक हॉफमन नावाचा, प्रुडेन्शियल या विमा कंपनीचा संख्याशास्त्रज्ञ. त्याने मृत्यूचे ढीगभर आकडे मांडून सिद्ध केलं (त्याच्या मते) की काळ्या माणसाचं शरीरच मुळात कमजोर आहे, ही जमात आपोआप नष्ट होणार. विमा कंपनीला हे किती सोयीचं होतं ते सांगायला नको. रक्तातच दोष असेल तर घरमालक सुटला, नगरपालिका सुटली, विमा कंपनीही सुटली. दु बॉइसने १८९७ मध्ये त्याचं परीक्षण लिहिलं आणि युरोपातल्या गोऱ्यांच्या शहरांचे आकडे शेजारी ठेवले. जर्मनीतल्या काही शहरांचा मृत्युदर अमेरिकेतल्या काळ्यांपेक्षाही वाईट होता. मग जर्मनही नष्ट होणार का? आणि हॉफमन स्वतः कोण, तर जर्मनीत जन्मून १८८४ मध्ये अमेरिकेत आलेला. तोही बाहेरचाच. फक्त त्याच्या वॉर्डाचा कुणी अभ्यास करत नव्हतं.

आता ज्या व्यक्तीबद्दल मला खरं तर ही पोस्ट लिहावीशी वाटली, तिच्याकडे येतो. डॉक्टर रिबेका कोल. फिलाडेल्फियातलीच काळी बाई, १८६७ मध्ये तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाली. अमेरिकेत डॉक्टर झालेली दुसरी काळी स्त्री. सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये एलिझाबेथ ब्लॅकवेल यांच्या दवाखान्यात काम केलं. तिथे तिचं काम काय, तर गरिबांच्या खोल्यांवर जाऊन बाळंतिणीला, आयांना स्वच्छता आणि मुलांची काळजी समजावणं. म्हणजे दु बॉइस वॉर्डात पोहोचला तेव्हा ही बाई पंचवीसेक वर्षं असली दारं वाजवत होती.

दु बॉइस तेव्हा म्हणत होता की काळे लोक क्षयाने मरतात कारण त्यांना आरोग्याचे नियम कळत नाहीत. हो, हाच दु बॉइस. तोही अडखळलाय सुरुवातीला. कोलबाईंनी १८९६ मध्येच काळ्या स्त्रियांच्या एका मासिकात त्याला उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पहिली गोष्ट, हे आकडे लिहितं कोण? अनुभव नसलेले तरुण डॉक्टर, जे काळा रोगी दिसला की नीट न तपासता क्षय लिहून मोकळे होतात. दुसरी, अज्ञानावर बोट ठेवण्याआधी घरमालकावर ठेवा, जो कोंदट खोल्या भाड्याने देतो आणि दुरुस्ती करत नाही. एका माणसामागे खोलीत किती घनफूट हवा असली पाहिजे, याचा कायदा करा.

बर्लिनहून आलेल्या पीएच.डी.ला गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंनी दुरुस्त केलं. पुढे तीन वर्षांनी आलेल्या पुस्तकात अज्ञान आहे, पण त्याच्या आधी आणि नंतर घर आहे, भाडं आहे, मजुरी आहे. कोलबाईंमुळेच ते आलं असं मी म्हणणार नाही. पण एवढं दार वाजवल्यावर कुणीही तिथेच पोहोचला असता.

कॉलेजचं नाव वाचून काही आठवलं का? विमेन्स मेडिकल कॉलेज, फिलाडेल्फिया. आपल्या आनंदीबाई जोशी. त्याच कॉलेजात, कोलबाईंनंतर एकोणीस वर्षांनी, ११ मार्च १८८६ रोजी पदवी घेतली. शाळेत आपण धडा वाचला तो आनंदीबाईंचा एकटीचा. आजूबाजूचं शहर त्या धड्यात नव्हतं. एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या, वय अठरा. ज्यांच्या घरी राहिल्या त्या थिओडोशिया कार्पेंटर, कॉलेजच्या डीन रेचल बॉडली, यांनी जीव लावला. पदवीचा प्रबंध आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्रावर. म्हणजे परक्या देशात गेलेल्या मुलीने अभ्यास केला तो आपल्या बायकांच्या बाळंतपणाचा. स्वतःचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलेलं होतं, चौदाव्या वर्षी.

थंडी, अंगी न लागणारं अन्न, आणि शेवटी क्षय. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या कक्षाचं काम ठरलेलं होतं. ते सुरू न होताच २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण नव्हती.

मी दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात वाचल्या म्हणून असेल, पण डोक्यात एक प्रश्न अडकला. त्याच शहरात, त्याच दहा-पंधरा वर्षांत, तोच आजार. आनंदीबाईंना झाला तेव्हा सगळे म्हणाले, हवा मानवली नाही, अन्न मानवलं नाही, पोरीने फार सोसलं. खरंच होतं ते. व्हर्जिनियाहून आलेल्या धुणेवालीला झाला तेव्हा म्हणाले, यांच्या रक्तातच आहे. धुणेवालीला तरी तिथली हवा, तिथली खोली मानवली होती का? पण तिला ओळखणारी कार्पेंटर मावशी नव्हती. ती एका आकड्यात होती.

विद्यापीठाबद्दलही थोडं सांगतो, कारण शिक्षणाचं दार उघडलं म्हणजे सगळं उघडलं असं आपण धरून चालतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेत तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून तर बायकांचं कॉलेज वेगळं. तिथून डॉक्टर झालेला पहिला काळा विद्यार्थी नेथन मोसेल, साल १८८२. त्याला वर्गात पडद्याआड बसायला सुचवलं गेलं, तो बसला नाही. पुढे काळ्या डॉक्टरांना रुग्णालयात घेत नाहीत आणि काळ्या मुलींना नर्सिंग शिकायला मिळत नाही म्हणून त्याने १८९५ मध्ये सातव्या वॉर्डातच, लोंबार्ड स्ट्रीटवर, फ्रेडरिक डग्लस यांच्या नावाने रुग्णालय काढलं. दु बॉइस दारं वाजवत फिरत होता तेव्हा ते रुग्णालय जेमतेम वर्षाचं होतं.

हे चाललं होतं तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं? १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीला प्लेग निघाला. शहर सोडून लाखो लोक गावाकडे पळाले. पुढच्या वर्षी पुण्यात. १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. रँडचे सोजीर घरांत घुसून झडत्या घेत होते, सामान बाहेर फेकत होते, माणसं उचलून नेत होते. २२ जूनला चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. सरकार आजाराच्या नावाने लोकांच्या घरात शिरतं तेव्हा काय होतं, हे पुण्याला कुणी शिकवायला नको. आणि त्याच महिन्यांत, तिकडे, एक माणूस त्याच कारणाने घरात शिरत होता, पण दार वाजवून, टोपी काढून, आणि सांगेल ते लिहून घेत होता. सोजिराच्या नोंदीत घर ‘दूषित’ एवढंच यायचं. दु बॉइसच्या नोंदीत भाडं किती ते यायचं.

१८९९ मध्ये पुस्तक आलं. त्याच वर्षी मे महिन्यात अटलांटात त्याचा पहिला मुलगा, बर्गहार्ट, दोन वर्षांचाही नव्हता, घटसर्पाने गेला. काळ्या बालकांच्या मृत्यूचे तक्ते केलेल्या बापाला हा आकडा घरात बघावा लागला. याच्यावर मी जास्त लिहीत नाही.

पुस्तक लिहूनही पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्याला नोकरी दिली नाही. तो अटलांटाला शिकवत राहिला, १९०६ मध्ये काळ्यांच्या आरोग्यावर आणखी एक मोठा अभ्यास काढला. विद्यापीठाने त्याला मानद प्राध्यापक केलं ते २०१२ साली. तो वारला १९६३ मध्ये. हिशेब तुम्हीच करा.

आणि बाबासाहेबांचं पत्र. १९४६ च्या जुलैमध्ये डॉ. आंबेडकरांनी दु बॉइसला लिहिलं. बाबासाहेब स्वतः १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेलेले, त्यामुळे हा विषय त्यांना पुस्तकातून आणि डोळ्यांनी, दोन्हीकडून माहीत होता. अमेरिकेतल्या काळ्यांची आणि आपल्या अस्पृश्यांची स्थिती इतकी सारखी आहे की त्यांचा अभ्यास करणं गरजेचंच आहे, असं त्यात म्हटलंय, आणि काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागितल्यात. महिनाअखेरीस दु बॉइसचं उत्तर आलं, तुमचं नाव मला ठाऊक आहे, तुमच्या लोकांबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, अशा आशयाचं. वस्तीच्या रोगाचं कारण वस्तीबाहेर शोधायचं असतं, हे दोघांना एकमेकांना समजावून सांगावं लागलं नसणार.

आता माझं कात्रण.

बातमी छापून आल्यावर आठ-दहा दिवसांत वस्ती उठली. जेसीबी आला, बंदोबस्त होता, फोटोही मीच काढला. साठेक झोपड्या असतील. मोजल्या नव्हत्या. पोरं यार्डाच्या शाळेत जात होती, त्यांचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. दोनेक महिन्यांनी पाणीपुरवठ्यातला एक कर्मचारी टपरीवर चहा पिताना सहज बोलून गेला. मुख्य जलवाहिनी नाल्यातून गेलेली, जोडावर फुटलेली, गटाराचं पाणी आत ओढत होती. वस्तीलाही तेच पाणी आणि मेन रोडलाही तेच. वस्तीतले आधी आजारी पडले कारण ते नळाला तोंड लावून पीत होते, आणि मेन रोडवर फिल्टर होते. सगळ्यात जास्त पेशंट वस्तीतले दिसले म्हणून उगम वस्तीत, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. जास्त मेले म्हणून रक्त वाईट, हे हॉफमनचंच गणित, फक्त तालुका आवृत्ती.

मी त्याची बातमी केली का? केली. आतल्या पानावर, सहा ओळी, ‘जलवाहिनीची दुरुस्ती पूर्ण’. वस्तीचा उल्लेख नव्हता. तेही कात्रण पेटीत आहे. मुलीला ते मीच काढून दिलं.

गेल्या रविवारी तिच्याबरोबर बायपासच्या पलीकडे वीटभट्ट्यांकडे गेलो. तिच्याकडे छापलेले तक्ते, माझ्याकडे वही. त्रेचाळीस झोपड्या, एक हातपंप, संडास शून्य. या वेळी मोजलं. झोपडीमागे महिन्याला सहाशे रुपये भाडं, जमीन गावातल्याच एका प्रतिष्ठिताची. नाव लिहीत नाही कारण त्यांचं म्हणणं अजून घ्यायचंय, घेतलं की लिहीन. दवाखान्याचं विचारलं तर बहुतेक बायका एकच गोष्ट सांगत होत्या. केसपेपर काढताना पत्ता विचारतात, ‘भट्टीवर’ म्हटलं की खिडकीतला माणूस वर बघतो. मग गरोदर बाईचं कार्ड गावाकडचं, इथं चालत नाही म्हणून परत पाठवणं. त्यापेक्षा मेडिकलमधून गोळी आणलेली बरी.

सातव्या का आठव्या दारात एक पन्नाशीची बाई पत्र्यावर मिरच्या वाळत घालत होती. हिंगोलीकडची. मुलीला बसायला पोतं दिलं, माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

‘तुमी पेपरवाले ना?’

हो म्हणालो.

‘मागच्या बारीला यार्डामागं फोटू काढला व्हता तुमी. मंग आमाला उठवलं.’

मुलीचं पेन थांबलं. काय बोलावं मला सुचेना. त्या पाइपाचं सांगितलं, नाला, जोड, सगळं. बाई ऐकत होती, मिरच्या पालथ्या करत होती. म्हणाली, पाण्याला वास येतोय हे आमी तवाच सांगत व्हतो, कुणी इचारलंच न्हाई. मग मुलीला म्हणाली, बाई, तू लिही, पाच माणसं, एक खोली.

ही दुरुस्तीची बातमी मी आता इथे लिहितोय, तेरा वर्षं उशिरा. ज्या पेपरात मूळ छापली तो पेपर आता बंद झालाय, त्यामुळे तिथे जागा मागायचीही सोय नाही.

एक काम आहे तुमच्याकडे. यार्डामागच्या वस्तीत तेव्हा राहणारं कुणी तुमच्या ओळखीत असेल, कामाला येत असेल, वर्गात होतं, शेजारी होतं, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. नावं आणि फोन नंबर कॉमेंटमध्ये टाकू नका. मुलीला तिच्या तक्त्यासाठी पाहिजेत, आणि मला माझे रिकामे राहिलेले रकाने भरायचेत. यार्डाच्या शाळेत त्या वर्षी शिकवणारे गुरुजी ही पोस्ट वाचत असतील, तर सर, हजेरीपट असेल का हो अजून?